दोन गाण्यांमधील सांधा

‘डीजे’ हा शब्द उच्चारला कीं आमच्याकडील सुशिक्षित घरांत तत्काळ दोन तट पडतात. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढें मिरवणुकींतील ध्वनिक्षेपकांची भिंत, खिडक्यांचीं थरथरणारीं तावदानें आणि रात्रभर न लागलेली झोप हीं उभीं राहतात. तरुणांच्या डोळ्यांपुढें लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा मांडव, दिव्यांची उघडझाप आणि पायांना स्वस्थ बसूं न देणारा ठेका. पहिला तट म्हणतो, ही कलाच नव्हे, हा केवळ उपद्रव आहे. दुसरा तट म्हणतो, ही कलाच आहे, आणि आवाज जितका मोठा तितकी ती थोर. हा वाद इतक्या वेळां आणि इतक्या त्वेषानें झालेला आहे कीं त्यांत आणखी एका लेखाची भर घालण्याचें कारण काय, असें वाचक सहजच विचारतील. कारण एवढेंच कीं, आमच्या मतें दोन्ही तट एकाच चुकीच्या गृहीतावर उभे आहेत. डीजेचें काम म्हणजे आवाज करणें, हें उभयतांसही मान्य आहे. भांडण आहे तें तो आवाज गोड कीं कडू एवढ्यापुरतेंच. आम्हांस तें गृहीतच मान्य नाहीं. या कलेचा गाभा दोन गाण्यांमधील सांध्यांत आहे, आणि तो सांधा भर घालून नव्हे तर वजा करून साधतो, असें आमचें म्हणणें आहे. तें खरें ठरल्यास निंदक आणि भक्त दोघांसही आपलें मत तपासून पाहावें लागेल.

प्रथम निंदकांचा आक्षेप घेऊं. दुसऱ्यानें रचलेलीं, तिसऱ्यानें गायिलेलीं आणि चौथ्यानें मुद्रित केलेलीं गाणीं हा मनुष्य एकामागून एक लावतो. यांत त्याचें स्वतःचें असें काय आहे, असें ते विचारतात. हा प्रश्न ज्यांच्या मुखांतून येतो तेच लोक कीर्तनाला मोठ्या भक्तीनें बसतात, ही गंमत लक्षांत घेण्याजोगी आहे. कीर्तनकाराचा अभंग संतांचा असतो, आख्यान पुराणांतलें असतें, आणि चाल बहुधा त्याच्या गुरूकडून आलेली असते. तरीसुद्धां पूर्वरंगांतून उत्तररंगांत, हंशांतून अश्रूंत आणि अश्रूंतून गजरांत श्रोतृसमाजास नेणें हें कर्तृत्व त्याचेंच, याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. मग डीजेविषयींच ही कृपणता कां? उलट कीर्तनकाराला एका पदापासून दुसऱ्या पदाकडे जातांना मध्यें चार शब्द बोलण्याची सवड असते. डीजेला ती नाहीं. समोरच्या पांचशें माणसांचे पाय एक क्षणही न थबकतां त्यास एका गाण्यांतून दुसऱ्या गाण्यांत न्यावयाचे असतात.

ही अडचण प्रथम गांभीर्यानें हातीं घेणाऱ्यांत न्यू यॉर्क येथील फ्रान्सिस ग्रासो याचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. १९७० च्या सुमारास ‘सँक्चुअरी’ नांवाच्या नृत्यगृहांत तो ध्वनिमुद्रिका वाजवीत असे. ती वास्तु पूर्वीं एक जर्मन बाप्टिस्ट चर्च होती. एक तबकडी लोकांसाठीं वाजत असतां दुसरी तो हेडफोनमधून एकटाच ऐके. खालची फिरती थाळी चालूच ठेवून वरची तबकडी बोटानें धरून ठेवी आणि नेमका ठोका येतांच बोट उचली. त्या काळच्या तबकड्यांवर ढोल वाजविणारीं हाडामांसाचीं माणसें असत. त्यांची लय गाणें रंगात आलें कीं किंचित् पळे, कंटाळा आला कीं किंचित् रेंगाळे. अशा दोन पळत्या-रेंगाळत्या लयी कानानें तोलून एकमेकींवर बसविणें हें किती जिकिरीचें काम असेल याची कल्पना तबला मिळविणाऱ्या कोणासही येईल. लेड झेपेलिन या मंडळीच्या गाण्यांतील आक्रंदन शिकागो या मंडळीच्या ढोलांवर मिनिटचे मिनिट चढवून ठेवण्याचा त्याचा प्रयोग आजही सांगितला जातो. पुढें १९७२ मध्यें टेक्निक्स कंपनीचें एसएल-१२०० हें यंत्र निघालें आणि १९७९ च्या सुधारलेल्या आवृत्तींत गति आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करणारी सरकती कळ आली. यंत्र सुधारलें, पण त्या कळेवरील बोटाला कोठें थांबावयाचें हें सांगणारा कान यंत्राबरोबर विकत मिळत नव्हता.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. कारण आमच्याकडे या विषयावर मतें पुष्कळ मांडलीं जातात, परंतु काम काय आहे हें क्वचितच कोणी सांगतो. संथ आणि विरळ अशीं दोन गाणीं जोडणें फारसें अवघड नसतें. दोहोंतही मोकळी जागा असते आणि एकाच्या मोकळ्या जागेंत दुसरें अलगद शिरतें. खरी कसोटी लागते ती दोन्ही गाणीं वेगवान, भरगच्च आणि ऐन भरांत असतां. ढोल आहेत, खर्ज आहे, झांजांचा किणकिणाट आहे, सुरावट आहे, वर गाणाराचा कंठ आहे. आणि दोन्हीकडे हें सर्व कांठोकांठ भरलेलें आहे. असलीं दोन भरलेलीं भांडीं एकांत एक ओतूं पाहणारा मनुष्य फक्त जमीन ओली करतो.

पहिली गोष्ट लयीची. पाश्चात्य नृत्यगृहांत ‘हाउस’ या प्रकारचीं गाणीं साधारणतः मिनिटाला १२८ ठोक्यांच्या आगेंमागें चालतात. या गाण्यांची रचना बत्तीस-बत्तीस मात्रांच्या भागांनीं होते. १२८ च्या गतीनें असा एक भाग बरोबर पंधरा सेकंदांत पुरा होतो. आमच्या संगीतज्ञ वाचकांस हें निराळें सांगावयास नको कीं हें एक आवर्तनच झालें आणि त्याचा पहिला ठोका म्हणजे सम. नवें वाद्य, नवा सूर, नवा कंठ येणार तो या समेवर येतो. आतां दुसरें गाणें १२८ ऐवजीं साडेएकशेंअठ्ठावीसच्या गतीचें आहे असें समजा. मिनिटाला अर्ध्या ठोक्याचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण एका आवर्तनाच्या अखेरीस दोन्ही ढोलांत सुमारें अठ्ठावन्न सहस्रांश सेकंदांचें अंतर पडतें आणि दोन ढोल एक न वाटतां घोड्याच्या टापांप्रमाणें पाठोपाठ ऐकूं येऊं लागतात. नाचणाराला कारण कळत नाहीं. त्याचा पाय मात्र अडखळतो.

लय जुळली म्हणजे काम झालें, असें मानणारे अर्ध्या वाटेवरच थांबतात. दोन गाणीं मात्रेला मात्रा जुळलीं, पण एकाची सम दुसऱ्याच्या नवव्या मात्रेवर पडली, तर तो सांधा बेढबच होणार. ख्यालाच्या बैठकींत समेला चुकणाऱ्या तबलजीला आपले श्रोते क्षमा करीत नाहींत. येथेंही तोच न्याय लागू आहे. म्हणून जाणता डीजे नवें गाणें सुरू करण्यापूर्वीं मात्रा मोजतो, आणि जुन्याचें आवर्तन संपण्याच्या क्षणींच नव्याचें आवर्तन उघडतो.

दुसरी गोष्ट खर्जाची, आणि येथेंच वजाबाकीचा आरंभ होतो. ढोलाचा मोठा ठोका साधारणतः साठ हर्ट्झच्या आसपास असतो असें धरलें, तर त्या ध्वनीची एक लहर सतरा सहस्रांश सेकंदांहून थोड्या कमी वेळांत पुरी होते. असे दोन ठोके तंतोतंत एकावर एक पडले तर आवाजाची पातळी सहा डेसिबलपर्यंत उसळते आणि यंत्रावरील तांबडे दिवे लागतात. त्यांत आठ सहस्रांश सेकंदांचा फरक पडला तर तेच दोन ठोके एकमेकांस गिळून टाकतात आणि नाचणारांच्या पायांखालची जमीनच नाहींशी होते. म्हणजे बेरीज केली तरी फजिती आणि चुकली तरी फजिती. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, ही म्हण जणूं खर्जासाठींच निर्माण झाली असावी. यावर उपाय एकच. नवें गाणें आंत घेतांना मिक्सरवरील त्याचा खर्ज अगोदरच पूर्ण उतरवून ठेवावयाचा. जुन्याच्या खर्जावर नव्याच्या झांजा आणि टाळ्या कांहीं आवर्तनें चालूं द्यावयाच्या. आणि समेच्या क्षणीं एका हातानें जुन्याचा खर्ज खालीं आणि दुसऱ्या हातानें नव्याचा वर. ही अदलाबदल नीट झाली म्हणजे गाणें बदललें हें श्रोत्याला कानाच्या आधीं पोटांत कळतें, आणि तरीही कोठें शिवण दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट कंठाची. एका वेळीं दोन माणसें निरनिराळे शब्द गाऊं लागलीं तर दोघांचेही शब्द हरवतात. म्हणून जुन्याचा मुखडा पुरा होईपर्यंत नव्याचा गायक बाहेर थांबला पाहिजे. चौथी गोष्ट स्वराची. ध्वनिमुद्रिकेची गति सहा टक्क्यांनीं वाढविली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो. गति बदलूनही सूर स्थिर ठेवण्याची सोय आजच्या यंत्रांत आहे, परंतु मुळांतच न जुळणारे दोन षड्ज त्या सोयीनें आपोआप जुळत नाहींत. ज्या दोन गाण्यांत षड्ज-पंचमभावाचें नातें आहे तीं एकत्र खुलतात. ज्यांच्यांत असें कसलेंच नातें नाहीं त्यांचे सूर एकमेकांवर येऊंच द्यावयाचे नसतात. तेथें फक्त ढोलांनींच ढोलांना भेटावें. प्रत्येक पायरीवर प्रश्न तोच आहे: आतां काय काढूं?

यावर कोणी विचारील कीं, जेथें काढावयास जागाच नाहीं, जीं गाणीं पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत तुडुंब भरलेलीं आहेत, तेथें काय करावें? अशा वेळीं जाणकार मंडळी जागा निर्माण करतात. जुन्या गाण्यांतील केवळ ढोलांचा चार किंवा आठ मात्रांचा तुकडा धरून तो पुनःपुन्हां फिरवीत ठेवावयाचा, आणि त्या पुलावरून नवें गाणें आणावयाचें, हा एक मार्ग. फिल्टरनें जुन्याचा खर्ज एका आवर्तनभर हळूहळू काढून घ्यावयाचा, म्हणजे श्रोत्यांस कांहींतरी उणें असल्याची हुरहुर लागते आणि समेवर नवें गाणें संपूर्ण खर्जासह येतांच तें दुप्पट भासतें, हा दुसरा. जुन्याच्या शेवटच्या शब्दावर प्रतिध्वनि लावून तो विरत असतां नव्याला उघड्या मैदानावर सोडावयाचें, हा तिसरा. आणि कांहींही न मिसळतां नेमक्या समेवर एकास तोडून दुसऱ्यास सुरू करावयाचें, हा चौथा. हा चौथा मार्ग सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत कठीण आहे; कारण त्यांत झांकून घेण्यास कांहींच नसतें.

आमच्या या मतास एक उदाहरण विरुद्ध जातें, आणि तें प्रतिपक्षीयांनीं पुढें करण्यापूर्वीं आम्हीच मांडतों. इंग्लंडांत वाढलेल्या ‘ड्रम अँड बेस’ या प्रकारांत गति मिनिटाला १७४ ठोक्यांच्या सुमाराची असते. बत्तीस मात्रांचें आवर्तन अवघ्या अकरा सेकंदांत संपतें. त्यांत दोन गाण्यांचा ऐन भर एकाच समेवर आणून दोन्ही एकदम वाजविण्याची एक रीत आहे, आणि अँडी सी हा इंग्रज डीजे त्यासाठीं विशेष प्रसिद्ध आहे. ही तर उघड उघड बेरीज झाली, असें म्हणतां येईल. पण ती कोणत्या गाण्यांत साधते हें पाहा. एकाचा खर्ज जेथें श्वास घेतो तेथें दुसऱ्याचा बोलतो, अशा प्रश्नोत्तरी रचनेचीं गाणींच त्यासाठीं निवडावीं लागतात. कोणतींही दोन घेतलीं तर केवळ चिखल होतो. म्हणजे वजाबाकी येथेंही आहेच. ती मिक्सरवर होत नाहीं, निवडींत होते. हजार गाण्यांतून नऊशें अठ्ठ्याण्णव बाजूस सारलीं तेव्हां हीं दोन हातीं लागलीं.

सांधा गुळगुळीत असणें म्हणजे तो लांबलचक असणें, हाही एक गैरसमज आहे. डेट्रॉइटचा जेफ मिल्स याचें टोकियो येथील वादन १९९६ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत एका तासाहून थोड्या अधिक वेळांत त्यानें तीसहून अधिक गाणीं वाजविलीं आहेत. एक गाणें पुरतें ओळखीचें होण्यापूर्वींच दुसरें येतें. तरी ऐकणाराला एकच प्रवाह चालला आहे असें वाटतें. याच्या दुसऱ्या टोकाला डेव्हिड मान्कुसो. न्यू यॉर्कमधील आपल्या राहत्या जागेंत, १९७० च्या फेब्रुवारींत, त्यानें ज्या नृत्यसभा सुरू केल्या त्या ‘लॉफ्ट’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. पुढें पुढें तर त्यानें मिसळणें सोडूनच दिलें. प्रत्येक तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत तो वाजूं देई, आणि आवाज कानाला शिणवणार नाहीं इतकाच ठेवी. त्याच्याकडे नाचणाऱ्यांनीं प्रवाह तुटल्याची तक्रार केली नाहीं. कारण कोणत्या गाण्यानंतर कोणतें, या निवडींतच त्याचा सांधा होता.

तिसरें उदाहरण आमच्या शेजारचें आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर हणजुणे आणि आसपास ज्या रात्री जागविल्या गेल्या त्यांतून ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार १९९० च्या दशकांत जगभर गेला. तेथें तबकड्यांऐवजीं डॅट नांवाच्या फिती वापरीत. त्या फितींवर ठोक्याला ठोका जुळविण्याची सोय नव्हती. म्हणून गाणें संपतांना ढोल आधींच थांबत, सुरांचा एक धुरकट पट्टा मागें उरे, आणि तशाच पट्ट्यांतून पुढचें गाणें उमले. पुढें त्या प्रकारचीं गाणींच अशा लांब, ढोलरहित आरंभ-शेवटांनीं रचलीं जाऊं लागलीं. साधन अपुरें होतें, परंतु कोठें मोकळें सोडावयाचें हें कळत होतें. नाचतां येईना अंगण वांकडें, असें म्हणत नवनवीं यंत्रें विकत घेत सुटणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनीं या फितींची आठवण ठेवावी.

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर त्याविषयींही स्पष्ट बोलणें बरें. आज एक कळ दाबली कीं दोन गाण्यांची गति आणि ठोके आपोआप जुळतात. तिला ‘सिंक’ म्हणतात. अलीकडील यंत्रें तर गाण्यांतून कंठ वेगळा, ढोल वेगळे, खर्ज वेगळा काढून देतात. यावरून कांहीं जुने डीजे संतापतात आणि ती कळ दाबणें म्हणजे पाप असें सांगतात. तर कांहीं नवे म्हणतात, आतां शिकावयाचें उरलें काय? आम्ही दोघांशींही सहमत नाहीं. कळ दाबण्यांत पाप नाहीं. त्यामुळें हात मोकळे होतात आणि मोकळ्या हातांनीं अधिक बारीक काम करतां येतें. पण त्या कळेला मात्रा मोजतां आल्या तरी समोर घामाघूम झालेल्या आजोबांना आतां खुर्चीवर बसूं द्यावें कीं आणखी एक गाणें नाचवावें, हें कळत नाहीं. शिवाय तिची गणना चार-चार मात्रांच्या एकसारख्या आंखणीवर चालते. जुन्या चित्रपटगीतांतील ढोलकी माणसानें वाजविलेली असते. आंखणी आणि ढोलकी यांची फारकत होण्यास एक अंतरा पुरतो. आणि एक गाणें सहा मात्रांच्या दादऱ्यांत, दुसरें आठ मात्रांच्या केरव्यांत असेल तर काय? दोहोंच्या समा चोवीस मात्रांनीं एकदांच भेटतात. मधल्या वेळांत नुसती ओढाताण चालते. तेथें मिसळण्याचा मोह टाळून, प्रतिध्वनि विरूं देऊन, नव्या तालाला स्वच्छ समेवर उभें करणें हाच प्रामाणिक मार्ग आहे. तो दाखविणारी कळ अद्याप कोणत्याही यंत्रावर नाहीं.

आणि म्हणूनच आमच्या महाराष्ट्रांतील डीजेचें काम परदेशांतील डीजेपेक्षां सोपें नसून अधिक कठीण आहे, हें आम्ही आग्रहानें सांगतों. नृत्यगृहांसाठीं रचलेल्या परदेशी गाण्याच्या आरंभीं आणि अखेरीस केवळ ढोलांचीं एक-दोन आवर्तनें मुद्दाम ठेवलेलीं असतात. तीं डीजेसाठींच सोडलेली पडवी होय. आमचें चित्रपटगीत पडद्यासाठीं रचलेलें असतें. थोडें वाद्यवृंदाचें वादन झालें न झालें तोंच मुखडा येतो, अंतऱ्यांच्या मध्यें वाद्यांची गर्दी असते, आणि शेवट तरी एकाएकीं होतो किंवा आवाज नुसता विरत जातो. पडवी नाहीं, ओसरी नाहीं. दार उघडलें कीं थेट माजघर. ज्याला आपलें काम कळतें असा डीजे घरीं बसून मधल्या वादनांतील ढोलांचा तुकडा काढतो, तो जोडून प्रत्येक गाण्याला स्वतःच्या हातानें ओसरी बांधतो, आणि मग मांडवांत येतो. ही मेहनत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. ध्वनिक्षेपकांची भिंत मात्र सर्वांच्या दृष्टीस पडते, आणि बिदागी ठरते ती भिंतीच्या उंचीवरून!

या भिंतीविषयीं भक्तांच्या तटाला एक साधें गणित सांगतों. ध्वनिक्षेपकाला दिलेली विद्युत्शक्ति दुप्पट केली तर आवाजाची पातळी तीन डेसिबलनें वाढते. आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयास साधारणतः दहा डेसिबल लागतात, म्हणजे शक्ति दसपट करावी लागते. भाडें दसपट, वीज दसपट, शेजाऱ्यांचे शिव्याशाप दसपट, आणि फळ काय तर दुप्पट झाल्याचा भास. उलट समेच्या आधीं एका मात्रेपुरता खर्ज काढून घ्यावा आणि समेवर परत द्यावा. एक पैही खर्च न होतां मांडव उसळतो. ज्याला हें साधतें त्याला भिंत लागत नाहीं, आणि ज्याला साधत नाहीं त्याला भिंतीवांचून दुसरा आधार नसतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हें येथें अक्षरशः खरें आहे. शिवाय आधींच पराकोटीला नेलेल्या आवाजाला पुढें जाण्यास जागाच उरत नाहीं. पहिल्या गाण्यालाच तांबडे दिवे लागले तर दहाव्या गाण्याला काय लावणार? कान बधिर होतात आणि त्या बधिर कानांसाठीं आवाज आणखी वाढवावा लागतो. त्यांत लहान मुलें असतात, वृद्ध असतात, आणि कानाच्या आंतल्या सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या कीं मनुष्याच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. ही हानि भाड्याच्या पावतींत लिहिलेली नसते.

येथें निंदकांचा तट आनंदानें मान डोलवील, म्हणून त्यांसही दोन शब्द. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. ती पाळली जावी, आणि ती मोडणाऱ्यावर कारवाई व्हावी, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु नियम फक्त आवाज मोजतो. चांगलें काय आणि वाईट काय हें तो शिकवीत नाहीं. गोंगाटाबरोबर कलेलाही हद्दपार करून तुम्ही ‘डीजे’ हा शब्द कायमचा गोंगाटवाल्यांच्या स्वाधीन करतां, आणि मग पुढच्या पिढींतील कानाचा, संयमाचा, मात्रा मोजणारा मुलगा त्या वाटेला जातच नाहीं. बेसुऱ्या गवयामुळें कोणी गाण्यावर बंदी मागत नाहीं. लोक दुसऱ्या गवयाला बोलावतात. दुसऱ्याला बोलावण्यासाठीं मात्र चांगलें कोणतें हें ओळखतां आलें पाहिजे, आणि तें ओळखण्याचे कष्ट घेण्यापेक्षां सरसकट नाक मुरडणें सोयीचें असतें.

आमचा खरा रोख यजमानांकडे आहे, म्हणजे या मासिकाच्या वाचकांकडेच. घरांत लग्न निघालें कीं आचारी ठरवितांना आपण त्याच्या हातचा मसालेभात चाखून पाहतों. मांडववाल्याला कापडाचा पोत विचारतों. डीजेला मात्र एकच प्रश्न विचारला जातो: स्पीकर किती आणणार? प्रश्नच असा असल्यावर उत्तरही तसेंच येतें, आणि ज्याच्याजवळ स्पीकर अधिक तो पुढें जातो. एखादें कसबी पोर दोन पेट्या घेऊन दारांत उभें असतें. त्याला आपण परत पाठवितों, आणि रात्रीं कानांत बोटें घालून तरुण पिढीच्या अभिरुचीवर बोलत बसतों. ती अभिरुचि आपण पैसे मोजून घडविलेली असते.

म्हणून पुढच्या प्रसंगीं त्याला निराळें विचारावें. घरांत सर्वांना आवडणारीं दोन धांवतीं, भरगच्च गाणीं निवडावीं. शक्य तर एक आपल्या तरुणपणींचें आणि एक मुलांच्या पसंतीचें. आणि म्हणावें, या गाण्यांतून त्या गाण्यांत आम्हांला कसें नेशील तें वाजवून दाखव. मग कान देऊन ऐकावें. दोन ढोल एकमेकांना तुडवितात काय? दोन गायक एकदम बोलतात काय? नवें गाणें समेवर येतें कीं दार ढकलून कोठेंही घुसतें? बदल होतांना त्याचा हात आवाज वाढविण्याच्या नॉबकडे जातो कीं कांहींतरी उतरविण्याकडे? आणि हें सर्व चालूं असतां शेजारी बसलेल्या माणसाशीं ओरडल्याशिवाय बोलतां येतें काय? एवढी परीक्षा घेण्यास पांच मिनिटें लागतात, आणि तीस संगीताच्या पदवीची गरज नाहीं. ज्याचा हात उतरविण्याकडे जातो त्याला, त्याच्या पेट्या दोनच असल्या तरी, बिदागी पुरी द्यावी.